बंद घराचं रीडिंग

"मधले दोन रिपोर्ट दिसत नाहीत," फाइल चाळताना डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आहेत की," मीटरवाल्यांच्या आधी त्यांची बायकोच बोलली. "दोन्ही वेळेला पॉइंट नऊ. मी लेकीकडे होते ना तेव्हा, पण फोनवर विचारून घ्यायचे मी. आकडा जरासुद्धा हलला नव्हता."

"कागद हवेत मला."

"अहो, द्या ना. पिशवीत असतील."

मीटरवाल्यांनी पिशवीत हात घातला. आत पाण्याची बाटली, चष्म्याचं घर आणि जुना एक्स-रे, एवढंच होतं, आणि हे त्यांना घरातून निघतानाच ठाऊक होतं. तरी ते बराच वेळ चाचपत राहिले.

वीज कंपनीत एकतीस वर्षं त्यांनी घरोघरी जाऊन मीटरचं रीडिंग घेतलं होतं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी सगळ्या वस्तीत ते मीटरवालेच राहिले. बायकोही चिडली की त्याच नावाने हाक मारायची. त्या नोकरीत एक रीत होती. घराला कुलूप असलं तर ओळ कोरी सोडायची नाही. मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढून ती तिथे टाकायची आणि पुढे 'कुलूप' असा शेरा मारायचा. घरात माणसं असताना, केवळ चार जिने चढायचा कंटाळा आला म्हणून, सरासरी ठोकून देणारे बहाद्दर त्यांच्या खात्यात कमी नव्हते. मीटरवाले अशांच्या पंगतीला कधी बसले नाहीत. आपण आयुष्यात एकही खोटा आकडा लिहिला नाही, हे ते ओळख झाल्यावर दहा मिनिटांच्या आत समोरच्याला सांगत.

चार वर्षांपूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोही हाडांपर्यंत पोचलेला. दर तीन महिन्यांनी हार्मोन दाबायचं इंजेक्शन सुरू झालं, आणि रक्तातला तो पीएसएचा आकडा भराभर उतरून पॉइंट नऊवर स्थिरावला. मग लेकीला बाळ झालं, दूरच्या शहरात. बायकोचा पाय घरातून निघेना. मीटरवाल्यांनीच तिला ढकललं. जाताना ती बजावून गेली होती, "आकडा एका टिंबाने जरी हलला ना, तर मिळेल त्या गाडीने परत येईन मी."

दीड महिन्यातच त्यांची कंबर बोलायला लागली. रक्ताची तारीख आली तेव्हा ते लॅबच्या दारापर्यंत गेलेही. आत बाकावर पाचसहा जण नंबर लावून बसले होते. आकडा हललाय हे कमरेने त्यांना आधीच सांगितलं होतं. तो कागदावर आला की बायको बाळाला ठेवून निघणार. ते दारातूनच मागे फिरले. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा म्हणाले, "पॉइंट नऊ." पलीकडे बाळ रडत होतं आणि बायको हसत होती. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. इंजेक्शन मात्र त्यांनी दोन्ही वेळा घेतलं, आणि तेवढ्यावर मनाची समजूत काढली. आठ दिवसांपूर्वी बायको परत आली, त्यांचं चालणं बघून हबकली आणि त्यांना ओढतच इथे घेऊन आली.

"रिपोर्ट नाहीत," पिशवी खाली ठेवून ते म्हणाले. "तपासलंच नाही मी. सरासरी टाकली."

डॉक्टरबाईंना काही कळलं नाही. बायकोला सगळं कळलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग तिने नजर टेबलावरच्या पेनांकडे वळवली.

"आजचा आकडा एक्केचाळीस आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हार्मोन पूर्ण दाबलेलं आहे, तरी आजार वाढतोय. म्हणजे नुसतं इंजेक्शन आता पुरत नाही. ते थांबवायचं नाही, पण जोडीला काहीतरी द्यावं लागेल." मग त्यांनी एकेक पर्याय समजावून सांगितला. रोज घ्यायच्या नव्या हार्मोनच्या गोळ्या होत्या. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून द्यायची केमो होती. मणक्याचं दुखणं कमी व्हायला रेडिएशन देता येत होतं. जीनची एक तपासणी होती, त्यात काही सापडलं तर वेगळी गोळी लागू पडण्यासारखी होती. "आणि नुसतं दुखणं आवरायचं, बाकी काही नको, असंही म्हणू शकता तुम्ही. तुमची हाडं बघता मी केमो सुचवेन. यातल्या कशानेच आजार मुळापासून जाणार नाही. पण वेळ मिळेल, आणि तो जरा बरा जाईल."

"सहा महिन्यांपूर्वी आलो असतो तर?" बायकोने विचारलं.

"तर बहुतेक गोळ्यांनी सुरुवात केली असती. त्याने किती फरक पडला असता, हे मी छातीठोकपणे नाही सांगू शकत."

मीटरवाल्यांना वाटलं, बाईंनी सरळ शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोघं बाहेर येऊन बाकावर बसले. समोरून एक माणूस फरशी पुसत गेला, त्याने पाय वर घ्यायला सांगितलं, दोघांनी घेतले.

"तुझ्यासाठीच केलं गं," ते म्हणाले.

"माझ्या नावावर नका खपवू."

"बरं. घाबरलो होतो."

ती समोर बघतच म्हणाली, "मला कळत होतं."

"काय?"

"फोन घ्यायला उठताना तुम्ही कण्हायचात. ते ऐकू यायचं मला. रिपोर्टचा फोटो पाठवा म्हणायला काय जड होतं? एरवी दुधाची पिशवीसुद्धा तारीख बघून घेते मी. पण तुम्ही पॉइंट नऊ म्हणालात की मी पुढे विचारायचेच नाही." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बाळ अंगावर झोपलेलं असायचं. चार वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या औषधाची वेळ सांभाळायची नव्हती. मला परत यायचं नव्हतं हो."

मीटरवाल्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आणि पाठोपाठ असंही वाटलं, की चला, या पापात आपण एकटे नाही. या दुसऱ्या वाटण्याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी मान खाली घातली.

"राहिली असतीस अजून महिनाभर," ते म्हणाले.

"पुरे आता." तिने डोळे पुसले. "काय करायचं ते बोला. आणि खरं बोला."

"केमोची भीती वाटते. पण घेऊन बघतो. नाही झेपली तर सांगेन."

"सांगाल?"

"सांगेन."

डॉक्टरबाईंना केमो घ्यायचं ठरल्याचं सांगून ती दोघं केमोच्या खोलीत गेली. नर्सने नवा फॉर्म पुढे ओढला.

"उंची आणि वजन सांगा काका. डोस त्याच्यावर ठरतो."

"पाच फूट सहा," मीटरवाले म्हणाले. "वजन बासष्ट."

"सिस्टर," बायको म्हणाली, "यांना विचारू नका. काट्यावर उभं करा."

नर्सला हसू आलं. मीटरवालेही हसायला गेले, पण ते त्यांना नीट जमलं नाही. त्यांनी खिशातल्या किल्ल्या आणि पाकीट बायकोच्या हातात दिलं, चपला काढल्या आणि तिच्या खांद्याला धरून ते काट्यावर चढले. एकतीस वर्षांच्या सवयीने आकडा वाचायला मान आपोआप खाली जाऊ लागली. त्यांनी ती वर केली आणि ते समोरच्या भिंतीकडे बघत उभे राहिले.

बायकोने चष्मा लावला, गुडघ्यावर हात ठेवून ती वाकली आणि काटा ठरेपर्यंत थांबली.

"साडेबावन्न," ती म्हणाली. नर्सने लिहून घेतलं.