ठमीची स्वारी

ठमीला बागेत फिरवून आणायचं, एवढंच काम होतं. पण ज्या घरात अप्पा आहेत त्या घरात 'एवढंच' असं काही नसतं.

अप्पा म्हणजे ठमीचे आजोबा. उभी हयात त्यांनी अग्निशमन दलात काढली, शेवटी शेवटी तर अख्खं केंद्र त्यांच्या हाताखाली होतं. निवृत्त होऊन घरी बसले आणि एवढ्या शिस्तीचं आता करायचं काय, असा प्रश्न त्यांना पडला. मधली काही वर्षं त्यांनी इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांना वळण लावण्यात घालवली. मग ठमी जन्मली आणि अप्पांना पुन्हा एकदा केंद्र मिळालं.

बाहेर पडायचं म्हटलं की प्रत्येकाचा विभाग ठरलेला. दुधाची बाटली आणि गरम पाण्याचा थर्मास आजीकडे. टोपी, मोजे आणि जादा कपडे आत्याकडे. ही आत्या म्हणजे ठमीच्या बापाची थोरली बहीण. शाळेत गणित शिकवायची, शेजारच्या इमारतीत राहायची आणि ठमी झाल्यापासून झोपण्यापुरतीच आपल्या घरी जायची. बाबागाडी, तिची चाकं आणि तिचा ब्रेक ठमीच्या बापाकडे. छत्री, औषधांची पेटी आणि हुकूम अप्पांकडे.

आणि ठमीची आई? तिच्याकडे काहीच नव्हतं. "तू आराम कर," असं सगळे तिला म्हणायचे आणि अगदी मनापासून म्हणायचे, हीच तर पंचाईत होती. माणसं वाईट असती तर कडाकडा भांडून मोकळं होता आलं असतं. चांगल्या माणसांशी भांडायचं कसं, हे तिला तिच्या माहेरी कुणी शिकवलं नव्हतं.

ठमीने नुसतं तोंड वाकडं केलं तरी चारी दिशांनी माणसं धावून यायची. आईच्या हातातून ती आजीकडे, आजीकडून आत्याकडे, आत्याकडून खिडकीशी अप्पांकडे. रडणं थांबलं की पोर हसत आईकडे परत. पाजायला आई, बाकी सगळ्याला इतर. कधीकधी तिला वाटायचं, आपण या घरात दूध पोचवायच्या कामावर आहोत. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची तिची नोकरी होती, आणि रजा संपत आली होती. एकदा कामावर रुजू झालं की दिवसभर ठमी या फौजेच्या ताब्यात. त्याआधी एकदा, फक्त एकदा, तिला ठमीला घेऊन एकटीने बाहेर पडायचं होतं. तिने तसं नवऱ्याला सांगूनही पाहिलं होतं. तो म्हणाला, जा की, मीही येतो सोबतीला. बिचाऱ्याला यात काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या दिवशी सुट्टी होती, ऊन कोवळं होतं आणि स्वारी निघायच्या बेतात होती. ठमी झोपली होती. तिला बाबागाडीत ठेवून वरून पातळ दुपटं सोडलेलं होतं. दुपट्याबद्दल अप्पांचा नियम फार कडक. एकदा पोर झोपलं आणि दुपटं पडलं की बागेत पोचून ती आपणहून उठेपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही. डोकावण्याची हौस सगळ्यांनाच असते आणि त्यानेच मुलं उठतात, असं त्यांचं म्हणणं. आजीला हा नियम मुळीच मान्य नव्हता, पण तीसुद्धा तो पाळायची.

आता निघायचं, तर टोपीवरून घोडं अडलं. आत्याने आणलेली टोपी लोकरीची होती आणि आजीचं म्हणणं असं की या उन्हात लोकर घालणारीला गणित येत असेल, हवामान येत नाही. सगळे स्वयंपाकघरात जमून टोपी या हातातून त्या हातात फिरवत होते. इकडे दाराशी बाबागाडीतून बारीकसं कुरकुरणं ऐकू आलं. ठमीच्या आईने अलगद दुपट्याखालून हात घातला, ठमीला उचललं, दुपटं होतं तसं सारखं केलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. कुणाला काही बोलली नाही. बोलली असती तर टोपीचा वाद आतल्या खोलीत भरला असता.

ठमी पिऊ लागली. बाहेर टोपीचा तह झाला, सुती टोपी घ्यायची ठरली आणि दारात अप्पांची हजेरी सुरू झाली.

बाटली? आहे. थर्मास? आहे. टोपी, मोजे, कपडे? आहेत, आहेत, आहेत. गाडीचा ब्रेक? पाहिला. छत्री आणि पेटी अप्पांनी स्वतःच विचारली आणि स्वतःच उत्तर दिलं. ठमीची आई आत बसून ऐकत होती. आपलं नाव येतं का, ते ती उगाच पाहत होती. आलं नाही. जिच्याकडे काही सामान नाही तिची हजेरी कशाला? आणि मग एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, की हजेरीत ठमीचंही नाव नाही. ठमी सगळ्यांची होती, त्यामुळे ती कुणाच्याच विभागात नव्हती.

"आम्ही पुढे होतो गं," अप्पा बाहेरून म्हणाले. "तू ये मागून सावकाश."

"हो," ती म्हणाली.

एवढं एकच अक्षर. खोटं त्यात काही नव्हतं. लिफ्टपाशी कळेलच त्यांना, असं तिने मनाशी म्हटलं. लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. कुणी परत आलं नाही. ती ठमीला घेऊन खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर स्वारी निघाली होती. पुढे अप्पा, मिटलेली छत्री दंडुक्यासारखी धरून. मागे बाबागाडी, तिच्या दोन्ही बाजूंना आजी आणि आत्या. चौकात अप्पांनी हात वर करून एक मालवाहू गाडी आणि दोन सायकली थांबवल्या आणि रिकामी बाबागाडी मोठ्या इतमामात रस्ता ओलांडून गेली. वऱ्हाड निघालं आणि नवरी घरीच, अशी गत.

ठमीच्या आईला इतकं हसू आलं की ठमीचं तोंड सुटलं आणि ती नाराजीने आईकडे पाहू लागली. फोन टेबलावरच होता. नवऱ्याला एक फोन केला की काम भागलं असतं. तिने फोन उचलला आणि मग सरळ पिशवीत टाकला. आधी पोरीचं पोट भरू दे, मग बघू. पोट भरल्यावर ढेकर निघू दे. ढेकर निघाल्यावर तिच्या लक्षात आलं की घरात आता कुणीही नाही आणि आपण चपला घालतो आहोत.

ना थर्मास, ना टोपी, ना पेटी. ठमीला खांद्यावर टाकलं, दार ओढलं आणि जिना उतरून ती रस्त्यावर आली. रस्ता रोजचाच होता, पण पाय जरा उडतच पडत होते. एक लंगोट घेतला होता पिशवीत, तोसुद्धा आत्याच्या कप्प्यातून चोरून.

बागेच्या उलट्या दिशेला चष्म्याचं दुकान होतं. दुकानाच्या मालकीणबाई काउंटरवर फडक्याने फ्रेमा पुसत होत्या. त्यांनी आधी ठमीच्या आईकडे पाहिलं, मग तिच्या मागे, मग दाराबाहेर, आणि फौज कुठे ठेवलीस म्हणून विचारलं. बागेत गेलीय, ठमीला फिरवायला, असं तिने सांगितल्यावर मालकीणबाईंना हसता हसता खुर्चीवर बसावं लागलं. दुकानात भिंतभर आरसे. ठमीने एकाच वेळी इतक्या ठमी कधी पाहिल्या नव्हत्या. ती एकेकीकडे नीट, गंभीरपणे पाहून घेत होती. मागच्या खोलीत तिच्या आईचं काचा घासायचं यंत्र झाकून ठेवलेलं होतं. आईने झाकण काढून तिला ते दाखवलं. हे माझं, असं सांगितलं. ठमीने यंत्रावर थोडी लाळ गाळून संमती दिली.

फोन मात्र वाजत नव्हता. आधी त्याची गंमत वाटत होती, मग जरा धाकधूक वाटू लागली. दुपटं उचलून पाहिलं असेल तर आतापर्यंत गहजब झाला असता. म्हणजे अजून पाहिलेलंच नाही. पण पाहतील तेव्हा? आजीचं काळीज केवढंसं. गंमत पुरे झाली, असं म्हणून ती बागेकडे निघाली. चालताना तिने मनात एक वाक्य तयार केलं. तुमचं सामान पोचलं का व्यवस्थित, असं काहीसं. टोचेल पण रक्त निघणार नाही, इतपत.

बागेत झाडाखालच्या बाकांवर सगळे बसले होते. मध्ये बाबागाडी, तिच्यावर अप्पांनी उघडून धरलेली छत्री. पलीकडे चेंडू खेळणाऱ्या पोरांना आत्याने वर्गातल्यासारखं तोंडावर बोट ठेवायला लावलं होतं. ठमीचा बाप पायाने हळूहळू गाडी हलवत होता. आजी शेजारच्या एका अनोळखी बाईंना दबक्या आवाजात सांगत होती की आमची पोर अशीच, एकदा झोपली की हूं नाही की चूं नाही, वळणच आहे घरचं.

आधी पाहिलं ते नवऱ्याने. त्याचा पाय थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं, तिच्या खांद्यावरच्या ठमीकडे पाहिलं, मग बाबागाडीकडे. मग आजीने पाहिलं, मग आत्याने. शेजारच्या बाई मोठ्या समजूतदार. त्यांनी पिशवी उचलली आणि दुसरा बाक गाठला.

अप्पांनी छत्री मिटली. वाकून दुपट्याचं टोक उचललं. आत ठमीची उशी होती, मधोमध खळगा पडलेली. ते बराच वेळ वाकूनच राहिले. सरळ झाले तेव्हा चेहरा पार उतरला होता.

"आगीतसुद्धा आधी माणसं मोजतात," ते म्हणाले. "सामान मागून."

आणि ते बाकावर बसले. तयार केलेलं वाक्य तिने तिथेच टाकून दिलं. कधी नव्हे ते अप्पा तिला म्हातारे दिसले आणि तिला फार वाईट वाटलं.

आजीने डोळे पुसले आणि विचारलं, की अगं, मग तू हाक का नाही मारलीस? विचारण्यात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

"मला एकटीने हिला घेऊन बाहेर पडायचं होतं, आई," ती म्हणाली. "एकदा तरी. ही रडली की कुणीतरी येऊन घेऊन जातं. तुम्ही सगळे प्रेमानेच घेता. पण हिला गप्प कसं करायचं, ते मला अजून येतच नाही. आणि मी हिची आई आहे."

बघायचं कुणाकडे हेच कुणाला कळेना. एवढ्यात ठमीला गोतावळा दिसला, शांतता दिसली आणि यातलं काहीतरी तिला अजिबात पसंत पडलं नाही. तिने तोंड वाकडं केलं, श्वास आत ओढला आणि बागेतली पाखरं उडतील असा टाहो फोडला.

सगळे एकदम उठले. आजीचे हात पुढे आले, आत्या पिशवीत काहीतरी शोधू लागली, नवरा दोन पावलं पुढे सरकला.

"बसा," अप्पा म्हणाले. आवाज केंद्रावरचा होता, पण हळू. "सगळे बसा. तिला बघू दे."

सगळे बसले. आजीने तर आपले दोन्ही हात मांड्यांखाली घालून वर स्वतःचं वजन ठेवलं.

ठमीची आई ठमीला घेऊन झाडाभोवती फिरू लागली. या खांद्यावर घेतलं, त्या खांद्यावर घेतलं. पाठ थोपटली, मग चोळली. आडवी धरली तर टाहो वाढला, उभी धरली तर तेवढाच राहिला. तिच्या कानामागे घाम आला. येणारे-जाणारे थांबून पाहू लागले आणि एका आजोबांनी लांबूनच भूक लागली असेल, असं सांगून टाकलं. भूक नव्हती. भूक नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असल्याचं तिचं तिलाच नवल वाटलं. मग काय असेल? ती वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली, ठमीचं तोंड आपल्या मानेत घेतलं आणि जागच्या जागी डुलत राहिली.

ठमी गप्प व्हायला खूप वेळ लागला. तेवढा वेळ कुणीही उठलं नाही.