वाळ्याच्या ताटीमागचा पारा

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. खरं म्हणजे होतो. काच फुटली, पारा सांडला. उरली आहे ती आकडे कोरलेली पितळी पट्टी.

अमेरिकेत लढाई पेटली आणि तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, त्या वर्षांतली ही गोष्ट. वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला की अकोल्यात जो तो व्यापारी झाला. अशाच एका वखारीत मला मुंबईहून भुशात गुंडाळून, बैलगाडीतून आणलं. वखारीचे कारभारी मोरोपंत पुण्याचे, शिकलेले. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या कौतुकाने मला दाखवत आणि मीही फुशारून जाई.

मी आलो तो दिवस चैत्रातला. आदल्या दिवशी अवकाळी गारा पडल्या होत्या. आभाळ भरलेलं, वारा गार, माझा पारा अगदी खाली. "वऱ्हाड म्हणजे भट्टी म्हणे! उगाच बाऊ करतात लोक," पंत हसले. एका दिवसाच्या हवेवरून त्यांनी साऱ्या मुलखाचं हवामान ठरवून टाकलं. अहो, हवा सकाळी एक असते आणि संध्याकाळी दुसरी. हवामान म्हणजे तिची वर्षानुवर्षांची सवय. गावात पाऊल टाकल्या टाकल्या ती कशी कळणार?

वैशाख लागला तसे ढग निघून गेले. मुंबईला समुद्र आहे, तो उन्हाचा जोर मोडतो. इथे कसला समुद्र? वर मोकळं आभाळ, खाली काळी माती. दिवसभर ऊन पिऊन ती अशी तापे की अनवाणी पाय टेकवत नसे. त्याच आवारात मजूर खड्ड्यात उतरून पायांनी कापूस तुडवायचे आणि गासड्या भरायचे. बायका उन्हात बसून कापसातला पालापाचोळा वेचायच्या.

आणि मी कुठे होतो? पंतांच्या बैठकीत! दाराला वाळ्याच्या सुगंधी मुळांची विणलेली ताटी होती, तिच्यावर सारखं पाणी शिंपडलं जाई. पाणी वाळताना वाऱ्यातली उष्णता ओढून घेई आणि आत गार झुळूक येई. त्या गारव्यात माझा पारा फॅरनहाइटच्या नव्वदीच्या, म्हणजे तुमच्या आजच्या बत्तीस अंशांच्या, आत आरामात बसून असे.

एके दुपारी पाला वेचणारी माणिकबाई दाराशी आली. तिचा नवरा शालिकराम खड्ड्यात कापूस तुडवायचा.

"पंत, आवारात मांडव घालून द्या ना. मानसं भाजून राहिली."

"शंभरी ओलांडली की घालू. मालकांचा तसा शब्द आहे," पंतांनी माझ्याकडे बोट केलं. "हे बघ, नव्वदसुद्धा नाही. हे यंत्र आहे बाई, खोटं बोलत नाही."

"अठी गार हाये, म्हून तसं दिसते. एकडाव तठी येऊन पाहा ना!"

पंत उठले नाहीत. मी खोटं बोलत नव्हतो, पण मी ज्या जागेचं सांगत होतो तिथे शालिकराम नव्हता. माझ्याच आकड्याने तिचं तोंड बंद झालं. तेव्हा मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

दोनच दिवसांनी शालिकराम खड्ड्यात कोसळला. अंग नुसतं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. त्याला सावलीत आणेपर्यंत सगळं संपलं होतं. पंत म्हणाले, "ऊन कसं लागेल? पारा नव्वदीच्या आत होता. प्रकृतीच तोळामासा असेल त्याची."

माणिकबाई नवऱ्याजवळून उठली. ती सरळ बैठकीत शिरली, मला खिळ्यावरून काढलं आणि आवारात नेऊन खड्ड्याजवळच्या खांबाला टांगलं. उघड्या उन्हात मी हवेपेक्षा जास्त दाखवतो, हे मला ठाऊक आहे. पण शालिकरामही उघड्या उन्हातच उभा होता ना? पारा सरसर चढला. शंभरी गेली, शेवटचा आकडाही गेला, आणि नळी तडकली.

"मालकाले सांगा आता," ती म्हणाली. "म्हनाव, शंभरी झाली."

पंतांनी माझे तुकडे पाहिले. "यंत्रच बिघडलेलं निघालं," ते म्हणाले आणि मला वखारीच्या कोपऱ्यात भिरकावून दिलं. ज्या दिवशी मी त्या आवाराचं खरं सांगितलं, त्याच दिवशी मी बिघडलेला ठरलो.

मांडव काही घातला गेला नाही. पुढच्या साली नवा तापमापक आला, तो त्याच खिळ्यावर, त्याच ताटीमागे टांगला गेला. माणिकबाई आवारात पाला वेचतच होती.

मित्रांनो, आम्हाला पुसून-जपून ठेवा, असं काही मी सांगणार नाही. कुणी आमचा आकडा तुमच्या तोंडावर फेकला, तर एवढंच विचारा: हा टांगलाय कुठे, आणि माणसं उभी आहेत कुठे?