तिसऱ्या ठोक्याआधी

मी एक जुनी पितळी घंटा आहे. पण मित्रांनो, देवघरातली नव्हे. ओतताना माझा आवाज चिरका निघाला, म्हणून देवाने काही मला घेतले नाही. बसवनगुडी मोहल्ल्यातल्या हेमलताक्कांनी चिकपेठेच्या बाजारातून स्वस्तात उचलले आणि मी चीटीच्या नोकरीला लागले.

चीटी म्हणजे आपली भिशीच, पण लिलावाची. अक्कांच्या ओसरीवर पंधरा जण दर महिन्याला वीस-वीस रुपये टाकत. तीनशे जमत. नडलेला म्हणे, "मी इतके सोडतो, बाकीचे मला द्या." जो जास्त सोडेल त्याला पैसे मिळत, सोडलेले सगळ्यांत वाटले जात. म्हणजे एकाची नड मोठी, तेवढा इतरांचा लाभ मोठा! बोली थांबली की अक्का मला तीनदा वाजवत. तिसऱ्या ठोक्यानंतर ब्रह्मदेव आला तरी बोली नाही. त्या काळी शिंप्याला नि भाजीवालीला बँकेत कोण उभे करी? त्यामुळे मला मोठा मान. चिंच लावून घासत मला.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यातली गोष्ट. ठकुबाई बेळगावकडच्या, भाड्याच्या खोलीत कारखान्यातल्या कामगारांसाठी खानावळ चालवत. घरमालकाने बजावले होते, संध्याकाळपर्यंत अडीचशे ॲडव्हान्स द्या, नाहीतर चूल उचला. हे त्यांनी फक्त शेजारच्या कल्लाप्पा शिंप्याला सांगितले, तेही कुजबुजत. चारचौघांत नड उघडी करायची नाही, हा त्यांचा ताठा.

"पंचवीस सोडते," ठकुबाई म्हणाल्या.

"तीस," गुंडो म्हणाला. हा किराणा दुकानदार. नड नव्हती, बोली चढवायची हौस होती.

"चाळीस."

"पंचेचाळीस! काय मावशी, एवढ्यात दमलासा?"

"पन्नास." त्यांचा आवाज माझ्याहून चिरका झाला. याच्यापुढे एक रुपया सोडला तरी हाती अडीचशे येणार नव्हते, खोली गेली.

अक्कांनी मला वाजवले. एकदा. दोनदा. गुंडोने तोंड उघडले.

अक्का तिसऱ्या ठोक्याआधी नेहमीच अंमळ थांबत. तेवढ्यात कल्लाप्पा म्हणाला, "बोल की, गुंडोअण्णा. पण उद्यापासनं जेवणार कुठं, ते आधी ठरव."

"का? मावशींकडं."

"मावशींची खोली आज जातीया. पन्नासच्या पुढं गेलास की गेलीच."

गुंडो दोन्ही वेळा तिथेच जेवायचा. त्याचे तोंड उघडेच राहिले. "मग आधी सांगायचं नाही व्हय!"

"तू कधी विचारलास? भाकरीवर तूप किती, तेवढंच बघतोस!"

ओसरी खो खो हसली. ठकुबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. अक्कांनी तिसरा ठोका दिला. ठकुबाईंनी पदराने तोंड पुसले, मोठा श्वास सोडला नि म्हणाल्या, "तोंड मिट आता गुंडो. रात्री भरली वांगी करते."

पुढे गल्लीत बँक आली, चीटी मोडली. मी खिळ्याला लटकून हिरवी पडले आहे. तक्रार नाही, खानावळ राहिली ना! पण मित्रांनो, मला अधूनमधून पुसत जा. आणि कधी अशी घंटा तुमच्या हाती आली, तर तिसऱ्या ठोक्याआधी हात जरा आवरा. नडलेला माणूस स्वतः बोलत नाही. त्याच्या शेजाऱ्याला बोलायला तेवढा वेळ लागतो.