न आलेल्या पाहुण्यांचा आकडा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या गल्लीतले सगळे दुकानदार माना वर करून पडद्याकडे बघत होते. पडद्यावर खुर्चीवाल्या काकांची नवी वेबसाइट होती आणि तिच्या तळाशी एक आकडा : आजवर आलेले पाहुणे. तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाढत होता. कुणीतरी हुंदका दिला. मी औषधं विकतो, साखरेच्या गोळ्या रामबाण म्हणून खपवणारे बरेच पाहिलेत, त्यामुळे मला नुसती चीड आली.

"जग काकांच्या दारी आलंय," ती साइट बनवून देणारे क्लिकगुरू माइकमध्ये कुजबुजले. गळ्यात ओळखपत्र, डोळे अर्धे मिटलेले. "दुकान म्हणजे चार भिंती, मंडळी. भिंती सोडा, मग बघा ऑर्डरींचा पाऊस."

त्या पावसाचा थेंबही अजून पडला नव्हता. कुणी विचारलं तर गुरू म्हणत, "पाहुणे आधी नुसतं बघतात. शंका घेतली की बिचकतात." त्यांचा एक कडक नियम होता. दारात आलेल्या गिऱ्हाइकाचं काम तिथल्या तिथे घ्यायचं नाही, त्याला साइटवर पाठवायचं, नाहीतर ते मोजणीत येत नाही. वेत विणण्यात काकांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तरी समोरच्या दवाखान्याचे डॉक्टर सगळ्या खुर्च्या विणायला द्यायला स्वतः आले, तेव्हा काकांनी हात जोडले. "साइटवर या, साहेब." डॉक्टरांना ती थट्टा वाटली. ते परत आले नाहीत.

आदल्या दिवशी काकू माझ्या दुकानात आल्या होत्या. "हे दुकान सोडायचं म्हणतात. माझं ऐकत नाहीत. तुम्ही तरी समजवा." माझंही काकांनी ऐकलं नाही, म्हणून मी शाळेतल्या गणिताच्या बाईंना सभागृहात घेऊन आलो होतो. बाई बराच वेळ नुसत्या आकड्याकडे बघत बसल्या.

मग उठल्या. "काका, तुमचा फोन देता? त्यावर तुमची साइट उघडा."

काकांनी कौतुकाने उघडली. बाईंनी फोनचं इंटरनेट बंद केलं आणि तो सगळ्यांना दिसेल असा धरला. आकडा वाढतच राहिला.

"आता या फोनपर्यंत बाहेरून काहीच पोचत नाही," बाई म्हणाल्या. "मग हे पाहुणे येतात कुठून?"

"श्रद्धा नसेल तर यंत्र उलटंच दाखवतं, ताई," गुरू म्हणाले.

"नेट नसतानाही चालतंय, म्हणजे यंत्राची श्रद्धा दांडगी आहे."

मागच्या रांगेत हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फोनमधली तारीख महिनाभर पुढे ढकलली. आकड्याने टुणकन उडी मारली.

"पुढच्या महिन्याचे पाहुणे आजच येऊन गेले," बाई म्हणाल्या. "हे घड्याळ आहे. फोनमधली वेळ बघून आकडा वाढवायचा, एवढंच याला शिकवलंय. माणसं कधी झुंडीने येतात, कधी फिरकत नाहीत. हा आकडा एकाच चालीने चालत होता, म्हणून मला संशय आला."

गुरू बॅग उचलून बाजूच्या दाराने सटकले. त्यांच्यामागे कुणी धावलं नाही. सगळे काकांकडे बघत होते.

"मग माझ्याकडे रोज कोण येत होतं?" काकांनी विचारलं.

"कोणी नाही, काका."

काकूंनी त्यांचा दंड धरला. "चला घरी. सकाळी दुकान उघडू."

काका खाली बघत राहिले. "किल्ली दुपारीच दिली मालकाला. तू रडशील म्हणून बोललो नाही."

मालकाने तोवर दुसरा भाडेकरू ठरवला होता. आम्ही चार जणांनी जाऊन हातापाया पडून पाहिलं, तो बधला नाही.

वेबसाइट जरूर काढा. ती वाईट नाही, दुकानावरच्या पाटीसारखीच ती एक पाटी आहे. पण तिच्यावरचा आकडा कुणी लिहिला, कशावरून लिहिला, हे विचारा. विचारल्याने खरं गिऱ्हाईक बिचकत नाही, बिचकतो तो खोटं विकणारा. आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला आधी बसायला खुर्ची द्या.

परवा खोकला दाखवायला मी त्या दवाखान्यात गेलो होतो. तिथे आता प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. माझ्या शेजारच्या खुर्चीवर काका बसले होते, नंबर यायची वाट बघत.