जोडी नसलेला आकडा

परीक्षेच्या दिवशी सकाळीच भिकनचा फोन आला. मागं एक कोकरू जीव तोडून ओरडत होतं.

"सुके, हे बाटलीला तोंडच लावंना बघ. तुझ्या आईच्याच हातानं पायजे याला."

"बघू बाबा," सुकेशनी म्हणाली आणि शहागंजच्या गर्दीतून क्लासच्या जिन्याकडं वळली. आई, राजाबाई, वारली तेव्हापासून पोरीच्या डोळ्यांतून टिपूस गळालं नव्हतं. दगडाची हाय म्हणून भावकीनं बोलून घेतलं. तेही तिला लागलं नाही. आज निवड झाली तर शहरात नोकरी, नाही तर वैजापूरकडं मेंढरांमागं, असं बापलेकीत ठरलं होतं. दोन्ही तिला सारखंच वाटत होतं.

संगणकाच्या पडद्यावर कोडं आलं. आकड्यांची लांबच लांब रांग; प्रत्येक आकडा दोनदा येतो, एकच एकटा. तो शोधा. अट अशी, की आलेले आकडे साठवायचे नाहीत.

तिनं तरी साठवून मोजलेच. यंत्रानं उत्तर फेकून दिलं.

"मोजत बसलीस व्हय?" शेजारचा शिवराज पुटपुटला. "शिरगणतीय का ही?"

मोजत. राजाबाई मेंढरं कधी मोजू द्यायची नाही. मोजली की नजर लागते म्हणायची. सांजेला कळप आला की ती कोकरं सोडायची. ज्याला आई सापडली ते गप्प. शेवटी जे ओरडत राही, त्याची आई मागं रानात राहिली असं समजायचं.

संगणकाच्या पोटात आकडा म्हणजे दिव्यांची ओळ असते, काही लागलेले, काही विझलेले. सुकेशनीनं सगळे दिवे विझवून सुरुवात केली. जो आकडा येईल त्यानं आपल्या दिव्यांची बटणं दाबायची; बटण दाबलं की विझलेला दिवा लागतो, लागलेला विझतो. तोच पुन्हा आला की तीच बटणं पुन्हा दबतात, त्याचं केलेलं पुसून जातं. मधे कितीही दुसरे येवोत, बिघडत नाही. रांग सरली की जे दिवे जळत राहतील, तो एकटा. याला एक्सॉर म्हणतात. ती एका ओळीत लिहून मोकळी झाली.

दुपारी यादी लागली. क्लासच्या रत्नमाला मॅडमनी तिचे खांदे गदागदा हलवले.

"अगं, निवड झाली तुझी! हस की जरा!"

"हो मॅडम."

तिनं घरी फोन लावला. "बाबा, लागले मी."

"लई झाक झालं, बाई." मागं ओरडणं चालूच होतं.

"बाबा, आईचं लुगडं अंगावर घ्या, आन् मंग पाजा."

बराच वेळ नुसती खुडबूड ऐकू आली. मग ओरडणं थांबलं.

"पितंय," भिकन म्हणाला. त्याचा आवाज फाटला.

खाली हातगाडीवाले ओरडत होते. सुकेशनीचे डोळे कोरडेच होते. तिनं फोन मात्र ठेवला नाही. कोकरू चुटूचुटू पीत होतं, ते ती ऐकत राहिली.