यादीतले आठ

मिंके वियार्डाच्या टाकीत लोच जातीचे आठ मासे होते, आणि ते आपले नाहीत असं तिने गेल्या वर्षी परीक्षकासमोर सांगितलं होतं.

वर्ष उलटलं, पण सल गेला नव्हता. डोक्कुम गावच्या मत्स्यपालक क्लबात दर मार्चला परीक्षक घरोघरी येतो. टाकीसमोर स्टूल टाकून बसतो, मांडीवर गुणपत्रक ठेवतो आणि मालकाने लिहून दिलेल्या यादीतली एकेक जात पाण्यात शोधतो. दिसली की खूण. यादीत आहे पण दिसत नाही, गुण गेले. दिसते पण यादीत नाही, तरी गुण गेले. सगळ्यांत जास्त गुणांची टाकी जिल्ह्याच्या फेरीला जाते. मिंकेची टाकी सहा वर्षं दुसरी येत होती. आणि जिल्ह्याला जाणं हे तिच्या मनात इतकं खोल रुतून बसलं होतं, की ती ते कुणाजवळ बोलूनही दाखवत नसे.

टाकी होतीच तशी. लाल पानांच्या रोपांची एक गल्ली पुढून मागे चढत गेलेली, दोन्ही कडांनी हिरव्या झुडपांची गर्दी, मधे लाल तोंडाच्या माशांचा थवा असा वळायचा की जणू एकाच दोरीला सगळे बांधलेत. आणि कोपऱ्यात ओकचं जुनं मूळ. त्या मुळाखाली तिचे आठ. बोटाएवढे लांब, पेन्सिलीएवढे जाड, मधाच्या रंगावर काळपट पट्टे, ओठाशी इवल्या मिशा. दिवसभर वाळूत मान खुपसून, कुजक्या पानांची गोधडी ओढून पडलेले. बाहेर यायचे ते अंधारून आलं की, भूक लागली की, नाहीतर त्यांच्या मनाला आलं की. मनाला कधी येईल हे त्यांचं त्यांना ठाऊक.

एकतीस वर्षं मिंकेने गावाच्या कालव्यावरचा पूल बोटींसाठी उचलला आणि खाली ठेवला. मग पूल दूरच्या कुठल्याशा खोलीतून बटणावर उचलू लागले, आणि ती घरी बसली. घरात आवाज असा फक्त पाण्याचा. दर गुरुवारी अंगणातल्या पिंपातलं पावसाचं पाणी ती बादलीने टाकीत ओतायची, आणि ओतताना आपलं आपणच जुळवलेलं गुणगुणायची:

*पहिली गं बादली, ओतते हळू हाताने,*
*वाळूत निजले माझे, उठतील गं नादाने.*

त्याच निजलेल्यांना तिने परकं म्हटलं होतं. यादीत लिहिलं नव्हतं, दिसणार नाहीत अशा भरवशावर. आणि ऐन परीक्षणात एकाने मुळाखालून डोकं काढलं, गल्लीतून सरसर वर गेला, परीक्षकाच्या नाकासमोर काचेला टेकला. "हे काय?" परीक्षकाने विचारलं. "झाडांबरोबर आला असेल कुठूनतरी," मिंके म्हणाली. बारा-तेरा वर्षं आपल्या हाताने खाऊ घातलेल्या जिवाबद्दल. तीन गुण गेले, आणि ती दोन गुणांनी हरली. हरल्याचं दुःख आठवड्यात विरलं. त्या एका वाक्याचं विरलं नाही.

या वर्षी परीक्षण चार दिवसांवर आलं तेव्हा फोप्पे दारात उभा राहिला. फोप्पे क्लबचा अध्यक्ष. शाळेत मिंकेच्याच बाकावर बसायचा, आणि तेव्हापासून तिला सल्ले देत होता. हातात बादली आणि क्लबचं हिरवं जाळं.

"मी सगळा विचार केलाय," तो बूट पुसत म्हणाला. "तू फक्त हो म्हण."

"आधी आत ये, पाय पूस, मग विचार कर."

"अगं, ते आठ माझ्या गॅरेजमध्ये ठेवू. फक्त चार दिवस. परीक्षक आला, गेला, की परत तुझे तुला. यादीतही नाहीत, टाकीतही नाहीत. कुणाला काही विचारायला जागाच नाही."

"माशांना विचारलंस?"

"त्यांना काय कळतंय? मिंके, आजवर या क्लबातली एक टाकी जिल्ह्याला गेली नाही जिच्यावर बाईचं नाव आहे. तू जाशील. मला दिसतंय ते." मग आवाज उतरवून म्हणाला, "आणि तुलाही दिसतंय. लपवू नकोस माझ्यापासून."

लपवता आलं नाही. मिंकेने कॉफी ठेवली, बडीशेपेची बिस्किटं पुढे सरकवली, आणि तो बादली-जाळं ठेवून गेल्यावर बाह्या वर केल्या.

लोच पकडणं म्हणजे काय, हे ज्याने पकडले त्यालाच माहीत. टाकीत हात घातला की ते नसतातच. पानं उचलली, नाहीत. जाळं फिरवलं, नाहीत. शेवटी मूळच उचलावं लागतं, आणि मूळ उचललं की त्याला बिलगलेली झाडं उपटून येतात. गाळाचा ढग उठला. लाल गल्लीतली चार रोपं आडवी झाली. थवा घाबरून कोपऱ्यात गोळा झाला. त्या धुरकट पाण्यात मिंकेने एकाला घेरलं, दुसऱ्याला घेरलं. तासाभरात सहा बादलीत आले. बादलीच्या तळाशी ते एकमेकांत गुंतून पडले. लपायला काही नाही, म्हणून एकमेकांतच लपत होते.

सातवा सगळ्यांत जुना. त्याची उजवी मिशी तुटकी, म्हणून ती त्याला ओळखायची. जाळ्यात आला, पण जाळं बादलीवर उलटं केलं तरी पडेना. तिने हळूच हलवलं. तो तडफडला, आणखी गुंतला. तेव्हा तिच्या लक्षात आलं. लोचाच्या डोळ्याखाली एक बारीक काटा असतो. भ्याला की तो काटा उभा राहतो. इतकी वर्षं पाळले आणि हे विसरलीच कशी? बारीक विणीचं जाळं त्यांच्यासाठी वापरायचंच नसतं, हे तिने नव्या सभासदांना दहा वेळा सांगितलेलं. घाईच्या भरात फोप्पेने दिलेलं ते सरळ हातात घेतलं होतं.

काटा विणीत अडकला होता. ओढला असता तर डोळ्यासकट फाटला असता.

मिंकेने जाळं मुठीत धरून परत टाकीच्या पाण्यात बुडवलं, दुसऱ्या हाताने ओट्यावरची कात्री ओढली, आणि क्लबचं चिन्ह शिवलेलं ते हिरवं जाळं कचाकच कापत गेली. काट्याभोवतीचा नखाएवढा तुकडा तेवढा उरला. तोही एकेक धागा करत सोडवला. मासा सुटला, क्षणभर तिच्या तळव्यात टेकला, आणि मुळाची जागा शोधत निघून गेला. मूळ तिथे नव्हतं.

"थांब रे बाबा," मिंके म्हणाली. "घर आणते तुझं."

तिने मूळ होतं तिथे ठेवलं, बादलीतले सहा त्यांच्या दारात सोडले, आणि ओल्या बाह्यांनीच टेबलापाशी बसून यादीचा कागद ओढला. इतर वर्षी ती थव्यापासून सुरुवात करायची. या वेळी पहिल्या ओळीवर लिहिलं: लोच. संख्या: आठ.

शुक्रवारी अकराला परीक्षक आला. लुबर्ट बोस, उंच, वाकलेला, नाकाच्या टोकाला चष्मा; गेल्या वर्षीचाच. मागोमाग फोप्पे. टाकी बघून फोप्पेचा चेहरा उतरला. गल्लीत पुन्हा खोचलेली रोपं अजून मान टाकून होती. मग त्याने टेबलावरची यादी पाहिली आणि डोळे मिटले.

लुबर्ट बसला. थवा, खूण. पानासारखे चपटे, खूण. मिशीवाले छोटे, खूण. मग बोट मागे सोडलेल्या पहिल्या ओळीवर येऊन थांबलं.

"वियार्डाबाई, हे आठ?"

"आहेत."

"गेल्या वर्षी एक होता. झाडांबरोबर आलेला, म्हणालात."

"खोटं बोलले," मिंके म्हणाली. "झाडांबरोबर कुणी आलं नव्हतं. मीच आणलेला, अख्ख्या गोतावळ्यासकट. चौदा वर्षं झाली त्यांना माझ्याकडे."

फोप्पेला खोकला आला.

लुबर्टने चष्मा पुसला आणि पुन्हा वाकला. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मूळ गप्प, पानं गप्प. वाळूचा एक कण हलला नाही. मिंके काचेकडे पाहत होती आणि मनातल्या मनात म्हणत होती, येऊ नका. यायचं नसेल तर येऊ नका. माझ्यासाठी तर मुळीच येऊ नका.

"नियमात सोय आहे," लुबर्ट समजावणीच्या सुरात म्हणाला. "मालकाने जागा दाखवली तर मी धरतो. ही काठी घ्या. मूळ एका बाजूने जरासं उचला, दोन-तीन दिसले तरी आठ मांडतो."

"उचल की," फोप्पे कुजबुजला. "जरासं."

मिंकेने काठी हातात घेतली. चांगली गुळगुळीत, बांबूची. मग ती तिने परत त्याच्या मांडीवर ठेवली.

"बोससाहेब, तुम्ही विवाहित?"

"हो. का?"

"उद्या सकाळी मी कागद घेऊन तुमच्याकडे आले आणि म्हटलं, यादीत बायको लिहिलीय पण दिसत नाही, जरा पलंगाची गादी उचला. उचलाल?"

लुबर्टला हसू आवरलं नाही. "ती मला घराबाहेर काढेल."

"मग हे बिचारे मला कुठे काढणार? टाकीच्या बाहेर तर मी आधीच आहे." मिंके हसली नाही. "एकतीस वर्षं जो भोंगा वाजवेल त्याच्यासाठी मी पूल उचलला. हे मूळ मी कुणासाठी उचलणार नाही."

"मग मला शून्य मांडावं लागेल."

"मांडा. पण शेऱ्यात लिहा: मासे आहेत, दाखवायला मालकिणीने नकार दिला. मी खाली सही करते."

असा शेरा त्याने आजवर लिहिला नव्हता. पण लिहिला. मिंकेने मोठ्या अक्षरांत सही केली आणि त्याला बिस्किटं दोनदा वाढली.

तो गेल्यावर फोप्पे खुर्चीत कोसळला. "चार गुण कापले त्याने, मिंके! चार! मी बेरीज पाहिली. तेवढ्यानेच गेलीस तू. त्या आठ गांडुळांपायी."

"म्हणजे एकेकाचा अर्धा गुण. स्वस्तात पडले."

"आणि माझं जाळं कुठंय?"

मिंकेने भोक पडलेलं जाळं त्याच्या हातात दिलं. तो त्यातून आरपार तिच्याकडे बघत राहिला.

शनिवारी दुपारी क्लबच्या खोलीत निकाल लागला. पहिला हार्मेन, छपरांची कामं करणारा, चौतीस वर्षांचा. मिंके पुन्हा दुसरी. टाळ्या तिनेही वाजवल्या. मग कॉफीचा कप उचलला. प्रथेप्रमाणे गुणपत्रकं भिंतीवर लागली, आणि माणसं हार्मेनच्या पत्रकापेक्षा तिच्या पत्रकासमोर जास्त वेळ उभी राहिली. कुणी शेरा मोठ्याने वाचला. कुणी हसलं. "नकार दिला म्हणे! बघायला तरी होते का?" एकाने विचारलं. "होते," मिंके जागेवरूनच म्हणाली. "तुझी अक्कल जशी, बाहेरून कळत नाही." मग दुसरेही हसले.

गर्दी पांगल्यावर हार्मेन बक्षिसाचा कप काखेत धरून तिच्यापाशी आला.

"मिंकेमावशी, माझ्याकडेही होते. पाच." तो कपाकडेच बघत होता. "ऑगस्टमध्ये काढले. फोप्पेकाका म्हणाले, काढ. देऊन टाकले."

"पाचही?"

"चारच हाती लागले. एक राहिला. यादीत नाही लिहिला."

"ऑगस्टपासून एकटा?" मिंकेने कॉफीचा कप खाली ठेवला. "अरे, एकट्याने आठवडाभरही ज्याला करमत नाही असा तो मासा. अंगाला अंग लावून निजणारा. सात महिने?"

"दिसतच नाही ना तो. मला वाटलं…" त्याने कप दुसऱ्या काखेत घेतला. "आता जिल्ह्याची फेरी पंधरा दिवसांवर. काय करू?"

"त्याला सोबत आणून दे. सोमवारी मी येते तुझ्याबरोबर दुकानात, चांगले सात निवडून घेऊ. आणि आज हे कर." फोप्पेच्या टेबलावर जिल्ह्याला पाठवायची हार्मेनची यादी पडली होती, सहीच्या प्रतीक्षेत. मिंकेने ती ओढून हार्मेनपुढे ठेवली. "जो आहे तो लिही."

"लिहिला तर गुण जातील, मावशी."

"जातील. मी कुठे म्हणते नाही जाणार?"

फोप्पे तिकडून धावत आला. "हार्मेन, बाळा, पेन खाली ठेव! हिचं ऐकू नकोस. ही हरलीय!"

"हरलेय," मिंके म्हणाली. "पण माझ्या टाकीत कोण राहतं ते मला सांगता येतं."

हार्मेनचं पेन कागदावर थबकलं होतं. मग त्याने शेवटच्या ओळीत लिहिलं: लोच. संख्येच्या रकान्याशी अडखळला, आणि मोजून एक आकडा काढला. १.

फोप्पेने डोकं धरलं. "मिंके, तू हा क्लब बुडवणार."

"बुडू दे की," ती कोट चढवत म्हणाली. "माशांचाच आहे."