वरून तेल

चतुराबाईच्या घरून कोणी कोरडं जेवून उठलं, असं भातकुलीत कोणी छातीठोकपणे सांगून दाखवावं! बेसनाचं चून असो की मिरचीचा ठेचा, ताटात पडला की मधोमध बोटानं खळगा करायचा आणि त्यात पळीभर कच्चं तेल सोडायचं. याला म्हणायचं ‘वरून तेल’. ते कोणी जेवणात धरत नाही. काय जेवली, असं विचारलं तर बाई चून-भाकर म्हणेल. तेलाचं नाव घेणार नाही.

आणि नेमकी इथंच तिच्या लेकीची, दीक्षाची, गोची झाली होती. परतवाड्याला मुलींच्या कबड्डीचे सामने होते, पंचावन्न किलो वजनगटाचे. भातकुलीच्या संघाला पहिल्यांदाच बोलावणं आलेलं, आणि चढाईला दीक्षासारखी दुसरी पोर नव्हती. पण तिचं वजन छप्पन्नवर जे अडून बसलं, ते हलायला तयार नाही. तिनं दोन्ही वेळची अर्धी-अर्धी भाकर कमी केली. मोबाइलमध्ये घासाघासाच्या कॅलरी लिहिल्या. वजन होतं तिथंच राहिलं, अंगातलं त्राण मात्र गेलं. सरावात दुसऱ्याच चढाईला धाप लागू लागली.

शेजारच्या गोदाबाईनं तर तोंडावर विचारलं, “पोट्टीले खाऊ घालत नाही काय वो?” चतुराबाईच्या जिवाला ते फार लागलं. त्या दिवसापासून दीक्षाच्या चुनावर एकाऐवजी दोन पळ्या पडू लागल्या.

सामन्याला तीन आठवडे राहिले असताना संघाची कप्तान आचल दुपारी जेवायला आली. ती अमरावतीला आहारशास्त्र शिकत होती. तिची नजर पळीवरच खिळली.

“दीक्षा, हे तेल लिहितं काय तू?”

“कोणतं तेल?” दीक्षानं अगदी मनापासून विचारलं.

आचलनं पळी वाटीत ओतून मोजली. “सव्वाशे कॅलरी! मावशी, एक पळी म्हणजे एक भाकर झाली ना.”

चतुराबाईनं बोटांवर मोजलं. दोन वेळा, दोन-दोन पळ्या. तिचे डोळेच पांढरे झाले. “म्हणजे मी पोट्टीले रोज चार भाकरी जास्तीच्या चारून राहिली?”

दीक्षा आधी हसत सुटली, मग ताटावरून उडालीच. “आई! तेल बंद केलं तं मले भाकर पुरी खाता येते!”

ठरलं. वरून तेल बंद, भाकर पूर्ण, जोडीला मुगाची उसळ आणि ताक. पण ते कोरडं चून वाढताना चतुराबाईचा हात जड व्हायचा. नावडत्या माणसालाही तिनं कधी असं वाढलं नव्हतं. पहिले दोन दिवस ती लेकीच्या ताटाकडे बघायचीच नाही.

आठवड्यानं मात्र गल्लीत गलका झाला. बुधाजीच्या दुकानात पोती मोजायच्या काट्यावर दीक्षा रोज सकाळी चढायची आणि अर्धी गल्ली वाकून आकडा बघायची. पंचावन्न सातशे! पुढच्या आठवड्यात पंचावन्न चारशे! सरावात तर ती पाच-पाच चढाया करून परत उभी राहू लागली. चतुराबाई स्वयंपाक अर्धवट टाकून दुकानाकडे पळायची. सामन्याच्या आदल्या दिवशी काट्यानं पंचावन्न शंभर दाखवलं आणि घरात कोणाला काही सुचेना.

परतवाड्याला सकाळी वजनं सुरू झाली. दीक्षाचं नाव पुकारलं. ती काट्यावर उभी राहिली. आकडा पंचावन्नच्या वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. चतुराबाईनं आचलचं मनगट इतकं आवळलं की ती कळवळली.

“चोपन्न नऊशे,” पंच म्हणाले. “पास!”

पोरींनी एकच ओरडा केला. चतुराबाईला रडू आणि हसू एकदमच फुटलं. आजवर तिची माया म्हणजे भरभरून वाढणं. हात आखडला तर लेक दुरावेल, असंच तिला वाटत आलं होतं. आणि लेक तर काट्यावरून उडी मारून सगळ्यांच्या आधी तिच्याकडेच धावत येत होती.

“आई,” गळ्यात पडून दीक्षा म्हणाली, “तुनंच उतरवलं हे वजन!”

चतुराबाईनं डोळे पुसले, पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, “पहिली चढाई माही पोट्टी करते!”